मॉनिटर उंच केला तर मान आणखीच दुखायला लागली, काय चुकतंय?

घणसोली_अकाउंट्स:
नमस्कार मंडळी. मी घणसोलीला राहते, ऑफिस महापे एमआयडीसीत, पण आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम असतं, दिवसभर टॅली आणि एक्सेल. लॅपटॉपवर आकडे बारीक दिसायचे म्हणून दिवाळीत २७ इंची मॉनिटर घेतला, फुल एचडी. दोन महिने मस्त गेले. मग फेब्रुवारीपासून मान धरायला लागली. यूट्यूबवर बघितलं तर सगळे एकच सांगतात की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या लेव्हलला पाहिजे, मला वाटलं आपला खालीच असणार, म्हणून गणपतीचे दोन पाट एकावर एक ठेवून त्यावर मॉनिटर ठेवला, तर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, आता संध्याकाळी भाजी चिरायला उभी राहिले तरी मानेच्या मागे जिथे केस संपतात तिथे ठणकत असतं आणि खांदे पण भरून येतात. चार वाजले की डोळे चुरचुरतात ते वेगळंच.

बसते हॉलमध्ये, डायनिंग टेबलावर, साधी लाकडी खुर्ची. खिडकी पश्चिमेला खाडीच्या बाजूला आहे, माझी पाठ खिडकीकडे. वय ४६, जानेवारीत चष्मा प्रोग्रेसिव्ह करून घेतला. घरचे म्हणतात ब्लू लाइटवाला चष्मा घे, ऑफिसातली मैत्रीण म्हणते मॉनिटरच बदल. खर्च करायला ना नाही पण कशावर करायचा तेवढं कळू दे.

ऐरोली_सपोर्ट:
ताई, आधी फुकटात होणारं करून बघा. दुपारी चार वाजता मॉनिटर बंद करा आणि काळ्या स्क्रीनमध्ये बघा काय दिसतंय. पश्चिमेची खिडकी पाठीशी आहे म्हणजे अख्खी खिडकीच दिसणार त्यात, खाडीवरून येणारं ऊन तर थेट असतं, समोर अडवायला काही नाही. चुरचुरण्यातलं बरंच तिथूनच येत असणार. टेबल असं फिरवा की खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. समोरही नको, कारण मग उजेड सरळ डोळ्यांत येतो.

नंतर ब्राइटनेस. एक कोरा पांढरा कागद स्क्रीनच्या शेजारी धरा आणि स्क्रीनवर कोरी एक्सेल शीट उघडा. शीट कागदापेक्षा ट्यूबलाइटसारखी लखलखत असेल तर कमी करा, मळकट दिसत असेल तर वाढवा. सकाळचं आणि रात्रीचं सेटिंग वेगळं लागेल.

मॉनिटर बदलायची घाई नको पण एक गोष्ट खरी आहे, २७ इंचावर फुल एचडी म्हणजे एका इंचात साधारण ८२ पिक्सेल येतात, तेच २४ इंचावर ९२. त्यामुळे अक्षरांच्या कडा जरा फुटक्या दिसतात आणि नकळत माणूस पुढे वाकतो. विंडोजमध्ये क्लिअरटाइप म्हणून सर्च करा, चार-पाच स्क्रीन येतील, ज्यात अक्षर स्वच्छ दिसतं ते निवडत जायचं. आणि एक्सेलचा झूम १२० करा. कमी कॉलम दिसतील पण दिसतील ते नीट दिसतील.

पाम_बीच_१९:
पंखा किंवा एसी तोंडावर येतोय का ते पण बघा. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या फार कमी मिटतो, त्यात वारा आला की डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघायचं, तुमच्याकडे तर खिडकीबाहेर खाडीच आहे.

नौपाडा_चष्मेवाला:
वरचं सगळं बरोबर आहे पण मानेचं मूळ दुसरीकडे आहे आणि ते ताईंनीच लिहिलंय. मॉनिटर दिवाळीत घेतला, दोन महिने काही त्रास नाही. जानेवारीत प्रोग्रेसिव्ह चष्मा, फेब्रुवारीत मान. नौपाड्यात चष्म्याच्या दुकानात १८ वर्षं काढली आहेत, अशी केस महिन्यातून चार वेळा तरी समोर येते.

प्रोग्रेसिव्हची काच एकसारखी नसते. वरून लांबचं दिसतं, अगदी खालून वाचायचं, आणि हातभर अंतरावरचं, म्हणजे तुमचा मॉनिटर, मधल्या एका अरुंद पट्ट्यातून. स्क्रीन उंच असेल तर समोर बघताना नजर काचेच्या वरच्या भागातून जाते, तिथून स्क्रीन धूसर, मग तो पट्टा स्क्रीनसमोर आणायला माणूस हनुवटी वर करतो आणि डोकं मागे टाकतो. स्वतःला कळत पण नाही. डोकं चार-पाच किलोचं असतं हो, ते आठ तास मागे कलवून धरायचं म्हणजे मानेच्या मागे, केस संपतात तिथेच दुखणार. पाट ठेवल्यावर दुखणं वाढलं ते म्हणूनच.

वरची कड डोळ्यांच्या लेव्हलला हा नियम साध्या नंबरवाल्यांसाठी किंवा बिनचष्म्याच्या लोकांसाठी ठीक आहे. प्रोग्रेसिव्ह आणि बायफोकलवाल्यांनी स्क्रीन त्यापेक्षा खाली घ्यायची आणि वरची कड जरा मागे कलवायची, आपण पुस्तक हातात धरतो तशी.

घरातल्या कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा, तुम्ही कामात असताना, न सांगता. हनुवटी कुठे आहे ते बघा.

ब्लू लाइटवर पैसे घालवू नका. मी स्वतः विकतो तरी सांगतो. २०२३ मध्ये कोक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने, १७ ट्रायल एकत्र तपासल्या, त्यात साध्या काचेपेक्षा डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही. त्यापेक्षा फक्त कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा करा, सगळ्या काचेला एकच नंबर. पण दुकानात जाताना डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजून सेंटिमीटरमध्ये लिहून न्या. त्यावरच नंबर ठरतो, ६० ला वेगळा आणि ८० ला वेगळा. तुमच्याकडे जानेवारीत स्क्रीनबद्दल कुणी विचारलं नसेल तर ते विचारायलाच हवं होतं.

कासारवडवली_सुतारकाम:
चष्मेवाल्या दादांना पूर्ण अनुमोदन. आता मापाचं बोलतो कारण मी घोडबंदर रोडच्या पट्ट्यात घरोघरी स्टडी टेबलं करून देतो आणि हीच चूक रोज बघतो.

२७ इंची स्क्रीन म्हणजे नुसती काच ३३-३४ सेंटीमीटर उंच, खाली स्टँडचे दहा-बारा धरा, म्हणजे टेबलापासून वरची कड ४५ वर गेली. डायनिंग टेबल ७५-७६ सेंटीमीटर, साध्या खुर्चीवर बसल्यावर बऱ्याच बायकांचे डोळे टेबलाच्या वर ३५ च्या आसपासच येतात. म्हणजे पाट नसतानाही मॉनिटर दहा सेंटीमीटर जास्तच उंच होता. खांदे भरून येतात ते टेबलामुळे, डायनिंग टेबल जेवायच्या हिशोबाने असतं, टाइप करायला उंच पडतं, मग खांदे वर उचलून धरले जातात दिवसभर.

दोन्हीला एकच इलाज, तुम्ही वर या. खुर्चीवर घट्ट उशी घ्या, बसल्यावर दबून सपाट होणारी नको, कोपर टेबलाच्या लेव्हलला येईपर्यंत. पाय लटकायला लागतील तर खाली काहीतरी घ्या. आणि मॉनिटर आर्म घ्या, म्हणजे टेबलाच्या कडेला क्लॅम्पने बसणारा, मॉनिटर धरून ठेवणारा हलता दांडा, लोक तो स्क्रीन उंच करायला घेतात, तुम्ही खाली आणायला घ्या, स्टँड काढला की खालची कड टेबलाला जवळपास टेकवता येते. घ्यायच्या आधी मॉनिटरच्या मागे चार भोकं आहेत का बघा, भोकांमधलं अंतर ७५ नाहीतर १०० मिलिमीटर असतं. टेबलाला काचेचा टॉप असेल तर आर्म अजिबात लावू नका, क्लॅम्पच्या दाबाने काच तडकते.

घणसोली_अकाउंट्स:
मंडळी, लेकीने काल फोटो काढला. मी बघून गप्पच बसले. हनुवटी वर, डोकं मागे, तोंड थोडं उघडं, पिठाच्या डब्यावरचं लेबल वाचताना आई असायची अगदी तशी. आणि मला वाटत होतं मी सरळ बसते.

पाट काढले लगेच. शिवणाची टेप घेऊन मोजलं, माझे डोळे टेबलापासून ३६, वरची कड पाटांशिवाय ४६. टेबलाला सनमायका आहे, काच नाही. मागे चार भोकं आहेत, १०० ची. पायाखाली गणपतीचा पाट घ्यायचं मनाला पटत नाही, लेकीच्या जुन्या वह्यांचा खोका आहे तो घेतलाय.

वाशी_नाका:
ताई, हाताला मुंग्या येतात का किंवा बोटं बधिर होतात का? तसं असेल तर हे सगळं करत बसू नका, आधी डॉक्टरला दाखवा.

घणसोली_अकाउंट्स:
नाही, मुंग्या वगैरे काही नाही, नुसतं ठणकतं. विचारल्याबद्दल थँक्यू.

घणसोली_अकाउंट्स:
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल सॉरी, मार्च एंड होता. टेबल फिरवलं, खिडकी आता डावीकडे, चारनंतर पडदा अर्धा ओढते. आर्म लावला, खालची कड टेबलापासून दोन बोटं वर ठेवलीय आणि स्क्रीन मागे कललेली. उशीमुळे खांद्यांचं दुखणं पहिल्या चार दिवसांतच गेलं, मानेला वेळ लागला पण आता भाजी चिरताना आठवण होत नाही. कॉम्प्युटरचा चष्मा परवा मिळाला, ६८ सेंटीमीटर लिहून नेलं होतं, पूर्ण शीट या टोकापासून त्या टोकापर्यंत डोकं न हलवता दिसते. फक्त तो घालून उठले की लांबचं धूसर होतं.

नौपाडा_चष्मेवाला:
ते तसंच होणार, तो चष्मा फक्त खुर्चीतला. टेबलावरच केस ठेवा त्याची आणि उठताना बदला, जिना उतरताना तर तो अजिबात नको.