हिवतापाच्या परजीवीचे ‘सुप्त जनुक’ म्हणावे का?

जिज्ञासू : हिवतापावरच्या एका मजकुरात ‘जीन सायलेन्सिंग’साठी, म्हणजे जनुकाचे काम बंद पडण्यासाठी, ‘जनुक सुप्त होणे’ असे लिहिले आहे. चालेल का? आणि ‘जीन एक्स्प्रेशन’ला, म्हणजे जनुकावरून आरएनए आणि प्रथिन बनण्याला, जनुक-अभिव्यक्ती म्हणावे की जनुकाविष्कार?

सूक्ष्मदर्शी : दुसऱ्याचे उत्तर सोपे. कुठलाही एक शब्द धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

‘सुप्त’ मात्र इथे नकोच. हिवतापात तो शब्द आधीच गुंतलेला आहे. प्लाझ्मोडियम व्हायवॅक्स हा हिवतापाचा एक परजीवी यकृताच्या पेशीत काही आठवडे, कधी काही महिने निपचित पडून राहतो, ती सुप्तावस्था. तिथे अख्खा परजीवी झोपलेला असतो. प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरम या दुसऱ्या परजीवीच्या ‘व्हार’ जनुकांचे तसे नाही; तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन ती बनवतात. ती साधारण ६०. एका वेळी त्यांतले एकच चालू, बाकीची बंद. परजीवी पुरता जागा असतो, ४८ तासांत तांबडी पेशी फोडून बाहेरही पडतो. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन; बंद जनुकांपाशी हिस्टोन एच-३च्या नवव्या लायसिनवर (एक अमिनो आम्ल) तीन मिथिल गट असतात. त्यांना एचपी-१ हे प्रथिन धरून बसते आणि गुणसूत्राचा तेवढा भाग केंद्रकाच्या कडेला आवळला जातो. चालू जनुक बदलले की तांबड्या पेशीवरचे प्रथिन बदलते, मग आधीची प्रतिपिंडे त्याला ओळखत नाहीत.

कोशप्रेमी : मग ‘मूक जनुक’?

सूक्ष्मदर्शी : मूक म्हटले की कायमचे न बोलणारे वाटते. मला ‘मिटलेले जनुक’ पटते. छत्री मिटते, पुन्हा उघडते. एपी२-जी हे जनुक बहुतेक परजीवींत असेच मिटलेले असते. जीडीव्ही-१ प्रथिनाने एचपी-१ला तिथून हुसकले की ते उघडते, आणि त्या परजीवीची पुढची पिलावळ विभाजन सोडून गॅमेटोसाइट होते, म्हणजे डासात जाऊ शकणारी नर-मादी रूपे. एपी२-जी काढूनच टाकले तर गॅमेटोसाइट बनत नाहीत.

जिज्ञासू : मादी गॅमेटोसाइटमध्ये आरएनए तयार असतो, तरी प्रथिन बनत नाही. तिथेही ‘मिटलेले’च का?

कोशप्रेमी : नाही, तिथे जनुक उघडे असते, प्रतिलेखनही (जनुकावरून आरएनए बनणे) झालेले असते. उंदरांतल्या प्लाझ्मोडियम बर्घेईत पी-२५ आणि पी-२८ या प्रथिनांचे संदेशवाहक आरएनए डोझी या प्रथिनासोबत पेशीद्रवात राखून ठेवलेले असतात. भाषांतरण, म्हणजे आरएनएवरून प्रथिन बनणे, होते ते डासाच्या पोटात गेल्यावर. सभा तहकूब करतात तसेच हे : विषयपत्रिका तयार, कामकाज पुढे. म्हणून ‘तहकूब भाषांतरण’ लिहा. नुसता आरएनए मोजून ‘अभिव्यक्ती झाली’ असे लिहिलेत, तर वाचक रक्तातल्या गॅमेटोसाइटमध्ये पी-२५ प्रथिन शोधत बसेल.