पदवीला आंतरराष्ट्रीय संबंध घेतलेल्यांनो, अनुभव लिहा

'हा विषय घेऊ का?' असं विचारणारी मुलं हल्ली वरचेवर भेटतात. माहितीपत्रकांत झेंडे आणि शिखर परिषदांचे फोटो असतात. प्रत्यक्षात काय वाचावं लागतं ते त्यात नसतं. ज्यांनी घेतला, सोडला किंवा शिकवला, त्यांनी लिहा. 'छान विषय आहे' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

होकायंत्र: बातम्यांची आवड म्हणून घेतला आणि पहिलं सत्र १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहांतच (युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध संपवणारे तह) गेलं. वर्गातले निम्मे वैतागले. मला मात्र सिद्धांतांची गोडी क्युबाच्या पेचप्रसंगामुळे लागली, म्हणजे क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले ती घटना. १९६२ ची तीच घटना आम्हाला तीन वेळा लिहायला लावली. आधी वास्तववादाच्या (देश आपली सत्ता आणि सुरक्षा पाहूनच वागतात, या विचाराच्या) अंगाने: तुर्कस्तानात अमेरिकेची क्षेपणास्त्रं होतीच, मग क्युबात सोव्हिएत का ठेवणार नाहीत? नंतर नोकरशाहीच्या अंगाने: नेते ठरवतात एक, पण नौदल आपल्या ठरलेल्या पद्धतीनेच नाकेबंदी करतं. शेवटी, दोन्ही बाजू एकमेकांना काय समजत होत्या या अंगाने. तिन्ही निबंध पटण्यासारखे झाले, तेव्हा जरा भीतीच वाटली. आता टीव्हीवर कोणी छातीठोकपणे 'याचं कारण एकच' म्हणालं की मी आवाज बंद करते.

अर्धविराम: मी दुसऱ्या वर्षानंतर अर्थशास्त्राकडे वळलो. एखाद्या देशावरच्या आर्थिक निर्बंधांवर लिहायचं तर व्यापाराचे आकडे वाचता यायला हवेत, आणि आमच्याकडे संख्याशास्त्र ऐच्छिक होतं. पश्चात्ताप नाही.

सनदवाला: अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा (विद्यार्थी देशांचे प्रतिनिधी बनून भरवतात ती) गाजवणाऱ्यांना वाटतं, हेच ते. भाषणं छान होतात, सूटही छान दिसतात (इस्त्रीवर जाणारा वेळ कोणी मोजत नाही). खरी मजा नियमांत आहे. सुरक्षा परिषदेत १५ सदस्य. महत्त्वाच्या ठरावाला नऊ मतं लागतात आणि पाच स्थायी सदस्यांपैकी कोणी विरोधात मत देता कामा नये. मग १९५० मध्ये कोरियाबाबतचे ठराव संमत कसे झाले? परिषदेतली चीनची जागा कोणत्या सरकारला द्यायची या वादावरून सोव्हिएत प्रतिनिधीने बहिष्कार टाकला होता, त्यामुळे नकाराधिकार वापरायला तो खोलीतच नव्हता. हे कळल्यावर मी संयुक्त राष्ट्रांची सनद पहिल्या कलमापासून वाचून काढली. २(४) मध्ये बळाच्या वापराला मनाई, ५१ मध्ये स्वसंरक्षणाची मुभा. निम्मी युद्धं या दोन कलमांच्या मधल्या फटीत लढली जातात, असं माझं मत.

होकायंत्र: सनदवाला, कलमं पाठ असून बलाढ्य देश ऐकतात थोडेच!

सनदवाला: ऐकत नाहीत, पण कारण द्यावंसं त्यांनाही वाटतं. ते का, हाच तर अभ्यास.

खडूधूळ: मी शिकवते. पालकांचा पहिला प्रश्न 'राजदूत होईल का?' अनेक देशांत परराष्ट्र सेवेची निवड स्पर्धा परीक्षेतून होते आणि त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, हे त्यांना आधीच सांगते. आमची मुलं बँकांत निर्बंधांचं पालन तपासतात, मदतसंस्थांत प्रकल्प अहवाल लिहितात, वृत्तसंस्थांत जातात. ज्यांनी एक परकी भाषा चिकाटीने धरली, त्यांना काम लवकर मिळालं, असं मी पाहत आले आहे. प्रवेश घेताना विषयांची आकर्षक नावं बघू नका. संशोधन पद्धती आणि भाषा सक्तीच्या आहेत का, शेवटच्या वर्षी प्रबंध आहे का, एवढं विचारा. प्रबंध नसेल तर दुसरीकडे अर्ज करा.