होम सर्व्हरवरच्या व्हीएमला घरच्या राउटरकडूनच आयपी कसा मिळवायचा? (केव्हीएम, ब्रिज)

फोंडा_होमलॅब
सर्व्हरवर उबुंटू २२.०४ आहे, आणि व्हीएम (संगणकातला आभासी संगणक) चालवायला केव्हीएम आणि लिबव्हर्ट. होम असिस्टंटचा (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) व्हीएम चालतो, पण त्याला १९२.१६८.१२२ मालिकेतला आयपी मिळतो. घरातले दिवे, टीव्ही, कॅमेरे सगळे १९२.१६८.१ वर, त्यामुळे त्याला काहीच सापडत नाही. ब्रिज करायचा आहे, म्हणजे व्हीएम थेट घरच्या नेटवर्कवर येईल. अडचण अशी की राउटर बाल्कांवालगतच्या (पुढच्या ओट्यालगतच्या) खोलीत, सर्व्हर मागे स्वयंपाकघराशेजारी, मध्ये चिऱ्याची जाड भिंत. म्हणून सर्व्हर सध्या वायफायवर आहे. शिवाय डॉकरही (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) चालू आहे. कुठून सुरुवात करू?

म्हापसा_रूट
वायफाय कार्ड ब्रिजमध्ये घालायचा नाद सोडा. ॲक्सेस पॉइंट फक्त जोडलेल्या कार्डाच्या मॅक पत्त्याची (कार्डाची हार्डवेअर ओळख) फ्रेम, म्हणजे डेटाचा तुकडा, घेतो. व्हीएमचा मॅक वेगळा (केव्हीएममध्ये ५२:५४:०० ने सुरू होणारा), त्यामुळे त्याच्या फ्रेम तिथेच टाकून दिल्या जातात. दोन्ही टोकांना डब्ल्यूडीएस (वायफायवरून ब्रिज जोडायची सोय) चालत असेल तर वेगळी गोष्ट, पण घरच्या राउटरवर त्या भानगडीत पडू नये. कॅट-६ ओढा. फक्त वायर घराबाहेरून पागोळ्यांखालून नेऊ नका, पावसाळ्यात वीज कडाडली की लॅन पोर्ट आधी जातं.

वायर लागली की नेटप्लॅनची (उबुंटूची नेटवर्क मांडणी) फाइल बदला. कार्ड ईएनपी३एस० धरू. त्याला डीएचसीपी (राउटरकडून आपोआप आयपी घेणं) बंद, आयपी काहीच नाही. खाली ब्रिजेस विभागात बीआर०, त्याच्या इंटरफेसमध्ये ईएनपी३एस०, आणि पत्ता बीआर० लाच: १९२.१६८.१.१०/२४. डिफॉल्ट रूट १९२.१६८.१.१, डीएनएसही तिथेच. हा १० राउटरच्या डीएचसीपी पूलच्या बाहेरचा हवा. जुन्या लेखांत गेटवे४ लिहिलेलं दिसेल, ते आता बाद. रूट्समध्ये डिफॉल्ट लिहा. पत्ता कार्डावरही राहिला आणि ब्रिजवरही, ही सगळ्यात नेहमीची चूक. मग होस्टला पिंग कधी लागतो, कधी नाही.

ब्रिजच्या पॅरामीटर्समध्ये एसटीपी (लूप टाळणारी व्यवस्था) बंद आणि फॉरवर्ड-डिले ०. एसटीपी चालू असेल तर पोर्ट आधी १५ सेकंद ऐकण्यात, पुढची १५ शिकण्यात घालवतं. तेवढ्यात व्हीएमची डीएचसीपी विनंती वाया जाऊ शकते. पण एसटीपी बंद ठेवून सर्व्हरची दोन्ही लॅन पोर्टं ब्रिजमध्ये घालून एकाच राउटरला लावलीत, तर लूप होऊन अख्ख्या घराचं नेट बसेल.

एक खोच: ब्रिजला पॅरामीटर्स दिले की नेटप्लॅन ट्राय (बदल तात्पुरता लावून बघायची आज्ञा) चालत नाही, ते मागे घेता येत नाहीत असं सांगून थांबतं. थेट अप्लाय करावं लागतं. म्हणून एसएसएचवरून करू नका, मॉनिटर-कीबोर्ड जोडून बसा.

शेवटी व्हर्श एडिट (लिबव्हर्टची आज्ञा) करून व्हीएमच्या इंटरफेसचा टाइप ब्रिज, सोर्स बीआर०, मॉडेल व्हर्टआयओ. व्हीएम पूर्ण बंद करून चालू करा, आतून रीबूट पुरत नाही.

फोंडा_होमलॅब
वायर ओढली, सगळं केलं. होस्ट १९२.१६८.१.१० वर नीट आहे. व्हीएमला मात्र आयपीच नाही. टीसीपीडम्पमध्ये (पॅकेट बघायचं साधन) व्हीनेट० वर, म्हणजे व्हीएमच्या ब्रिजवरच्या टोकावर, डीएचसीपीची डिस्कव्हर (आयपीची पहिली विनंती) दर काही सेकंदांनी दिसते, ईएनपी३एस० वर एकही नाही.

साळ_नदीकाठ
मग राउटर निर्दोष. विनंती तुमच्याच होस्टमध्ये अडकते आहे, आणि अडवणारा डॉकर. तो बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल लोड करतो, त्यामुळे ब्रिजवरून जाणारं पॅकेटही आयपीटेबल्समधून (लिनक्सची फायरवॉल) जायला लागतं. आणि तिच्यातल्या फॉरवर्ड चेनची (पुढे जाणाऱ्या पॅकेट्सच्या नियमांची यादी) पॉलिसी डॉकरनेच ड्रॉप, म्हणजे टाकून द्या, अशी करून ठेवलेली असते.

डॉकर-यूजर चेनमध्ये वरच एक नियम घाला: बीआर० वरून आलेलं आणि बीआर० वरूनच जाणारं ते ॲक्सेप्ट. रीबूटनंतर तो उडतो, म्हणून डॉकरनंतर चालणाऱ्या छोट्या सिस्टमडी सर्व्हिसमध्ये ठेवा. नेटवर बरेच जण बीआर-नेटफिल्टरची किल्ली सिसकंट्रोलमधून (कर्नलची सेटिंग बदलायची आज्ञा) ० करायला सांगतात. मॉड्यूल नंतर लोड झालं की ती परत १ होते, आणि दोन दिवसांनी तुम्ही इथेच परत याल.

फोंडा_होमलॅब
नियम घातला, लगेच १९२.१६८.१.५७ मिळाला. टीव्हीही सापडला. धन्यवाद दोघांनाही. आता याच व्हीएमसारखा दुसरा उबुंटूचा क्लोन करणार आहे.

म्हापसा_रूट
क्लोन केलात तर त्याच्या आतला मशीन-आयडी (प्रत्येक यंत्रणेची स्वतंत्र ओळख) बदला. उबुंटू डीएचसीपीला मॅक नव्हे, त्या आयडीवरून बनलेली ओळख पाठवतो. दोघांचा आयडी एकच असला की मॅक वेगळे असूनही राउटर दोघांना एकच आयपी देऊ शकतो. किंवा क्लोनच्या नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर मॅक असं लिहा.

आणि होस्टवर ५०-क्लाउड-इनिट नावाची फाइल असेल आणि तुम्ही तिच्यातच बदल केले असतील, तर क्लाउड-इनिटला (सुरुवातीची मांडणी आपोआप लिहिणारा प्रोग्राम) नेटवर्क कॉन्फिग बंद करायला सांगून ठेवा. नाहीतर कधीतरी ती फाइल तो पुन्हा लिहितो आणि ब्रिज गायब.