दोन लहान मुलं, दोघंही नोकरीत: मृत्युपत्रात पालक कसा नेमायचा?

जुळेसोलापूरकर (प्रश्न):
मुलगी सहा वर्षांची, मुलगा दोन. जुळे सोलापुरात दोघांच्या नावावर फ्लॅट. मोहोळ तालुक्यात वडिलोपार्जित चार एकर, थोरल्या भावासोबत सामाईक. माझा एक कोटीचा टर्म विमा, नॉमिनी बायको. आई हयात आहे. महिन्यातून एकदा मुलांना आईकडे ठेवून आम्ही दोघं गाडीने पुण्याला जातो. रस्त्यात दोघांचंही काही झालं तर मुलं माझ्या बहिणीकडे राहावीत असं वाटतं. बायकोची हरकत नाही, पण पैसा बहिणीच्या एकटीच्या हातात नको म्हणते. काय लिहायचं, कुठं लिहायचं? स्टॅम्प पेपर लागतो का?

दिवाणी_दप्तर:
स्टॅम्प पेपर लागत नाही, कोरा कागद चालतो. अडचण दुसरीकडेच आहे.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६, कलम ९ बघा. वडिलांनी मृत्युपत्रात पालक नेमला, पण त्यांच्यामागे मुलांची आई हयात असेल, तर त्या नेमणुकीला काही अर्थ राहत नाही. आई पुढे स्वतः कुणालाही न नेमता वारली तरच ती पुन्हा लागू होते. आईने वेगळं नाव लिहिलं असेल तर आईचं चालतं. म्हणजे तुम्ही बहीण लिहिलीत आणि वहिनींनी त्यांचा भाऊ, तर मुलं मामाकडे. तेव्हा मृत्युपत्रं दोन करा, स्वतंत्र, आणि दोन्हीत पालक एकच. नवरा-बायकोचं मिळून एक करू नका. एक गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येतं का, यावरूनच भांडणं लागतात.

बहिणीला आधी विचारा, आणि पर्यायी दुसरं नावही लिहा. वाद कोर्टात गेलाच तर कलम १३ प्रमाणे मुलाचं हित सर्वांत वर. म्हणून तिलाच का निवडलं ते दोन ओळींत लिहा: मुलांना तिची सवय आहे, शाळा बदलावी लागणार नाही, असं.

आता एकाच अपघाताचं. आधी कोण गेलं ते ठरवता येत नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २१ वयाने धाकटा मागे राहिला असं धरतं. वहिनी धाकट्या असतील तर तुमची मिळकत आधी त्यांच्याकडे, मग त्यांच्या वारसांकडे. म्हणून ‘पत्नी माझ्यानंतर तीस दिवस हयात असेल तर तिला, नसेल तर पुढीलप्रमाणे’ असं कलम घाला. त्यांच्या मृत्युपत्रातही तसंच.

जुळेसोलापूरकर:
मृत्युपत्र केलंच नाही तर सगळं आपोआप बायको-मुलांनाच जातं ना?

दिवाणी_दप्तर:
नाही. तुमची आईही पहिल्या वर्गाची वारस आहे. फ्लॅटमधल्या तुमच्या निम्म्या हिश्श्याचे चार समान भाग पडतील: पत्नी, मुलगी, मुलगा, आई. मुलांचा भाग विकायला किंवा गहाण ठेवायला पालकत्व कायद्याच्या कलम ८ खाली कोर्टाची आगाऊ परवानगी लागते. ती न घेता विकला, तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत व्यवहार रद्द करून मागू शकतं. असं खरेदीखत कोण घेईल?

मृत्युपत्रात फ्लॅट थेट मुलांच्या नावे लिहिलात तरी हेच. त्यापेक्षा मृत्युपत्रातूनच ट्रस्ट करा. विश्वस्त दोन ठेवा, विकण्याचा अधिकार त्यांना स्पष्ट शब्दांत द्या, आणि मुलांना मिळकत कोणत्या वयाला द्यायची ते लिहा. ते लिहिलं नाही तर अठराव्या वाढदिवसाला सगळं मुलाच्या हातात! पंचवीस बरं. मुलं सांभाळणारी बहीण, पैसा सांभाळणारे विश्वस्त. वहिनींची शंका इथं मिटते. खर्चाचा आकडा लिहू नका, बाबी लिहा: फी, दवाखाना, क्लास, घरखर्च. आजचा आकडा दहा वर्षांनी पुरणार नाही. वर्षाचा हिशेब देण्याची अट मात्र घाला.

विमा_पीएफ:
नॉमिनी एकट्या वहिनी, आणि दोघंही एकदम गेलात तर दावा वारस ठरवण्यात अडकतो. मुलांचीही नावं घाला. नॉमिनी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर ‘अपॉइंटी’ लिहावा लागतो, कारण रक्कम त्याच्या हातात जाते. तो आणि विश्वस्त एकच माणूस असू दे.

नवी पॉलिसी घेणार असाल तर विवाहित स्त्री मालमत्ता कायदा १८७४ खाली घ्या. बायको-मुलं लाभार्थी आणि विश्वस्त प्रस्तावातच ठरतात, तुमच्या सावकारांना पॉलिसीला हात लावता येत नाही. चालू पॉलिसीला हे मागाहून जोडता येत नाही.

पीएफचं नामांकन लग्नाआधी केलेलं असेल तर ते बाद झालंय. आजच नवं भरा. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी टक्केवारीसह ठेवता येतात, पण बँकेतला नॉमिनी पैसे घेणारा असतो, मालक नव्हे.

फेरफार_वाचक:
शेतीचं कुणी बोललं नाही. चार एकर अजून वाटप न झालेले असतील, तर पालकत्व कायद्याच्या कलम १२ प्रमाणे त्यातल्या मुलांच्या अविभक्त हिश्श्यावर पालक नेमला जात नाही. कुटुंबातला सज्ञान माणूसच कारभार बघतो. इथं तो तुमचा भाऊ. कुटुंबाच्या गरजेसाठी कर्त्याने विकलं तर कलम ८ ची परवानगीही आड येत नाही. भाऊ कितीही चांगला असो, हयातीत वाटप करून हिस्सा वेगळा काढा, मोजणी करा, सातबारा वेगळा करून घ्या. वारसनोंदीत मुलांच्या नावापुढे अ.पा.क. लागतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तिथं कुणाचं नाव चढलं ते फेरफारात वाचल्याशिवाय सोडू नका.

जुळेसोलापूरकर:
नोंदणी करावी का? साक्षीदार कोण घ्यावेत?

दिवाणी_दप्तर:
नोंदणी सक्तीची नाही, पण करा. मुद्रांक शुल्क शून्य, फी किरकोळ. साक्षीदार दोन, तुमच्यापेक्षा लहान वयाचे, मृत्युपत्रातून काहीच न मिळणारे. तुम्ही सही करताना दोघंही समोर हवेत, आणि त्यांची सही तुमच्यासमोर. उद्या येऊन सही करतो म्हणणारा साक्षीदार नकोच. मृत्युपत्रं इथंच पडतात. पुढे सिद्ध करताना त्यातल्या एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागतं. सोलापुरातल्या मिळकतीला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेणं, सक्तीचं नाही.

मूळ प्रत तुमच्या दोघांच्याच नावाच्या लॉकरात ठेवू नका. एका विश्वस्ताकडे द्या.

अशोकचौक:
एक भर. हे १९५६ चे कायदे हिंदू, जैन, बौद्ध, शीख यांना. मुस्लिम कुटुंबात वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एकतृतीयांशच देता येतं, आणि सुन्नींमध्ये वारसाला द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. त्यांनी वरचा मजकूर जसाच्या तसा उतरवू नये.