जागा पक्की झाली म्हणून हुकमाचा एक्का बाकावर?

रात्रपाळी

डिसेंबर संपत आला की एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, हा वाद दर वर्षी उकरला जातो: प्लेऑफमधली जागा पक्की झाली की मुख्य खेळाडूंना विश्रांती द्यायची का? या वेळी मीच सुरुवात करतो.

नियम माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. ३२ संघ, १८ आठवड्यांत प्रत्येकी १७ सामने (२०२० पर्यंत १६), दोन कॉन्फरन्समधून, म्हणजे लीगच्या दोन गटांमधून, सात-सात असे १४ संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत; तिचा अंतिम सामना म्हणजे सुपर बोल. प्रत्येक कॉन्फरन्सच्या अव्वल संघाला पहिल्या फेरीत सुट्टी, म्हणजे बाय. शेवटचा आठवडा येईपर्यंत काही संघांचं स्थान इतकं पक्कं झालेलं असतं की जिंकले काय नि हरले काय, सारखंच. मग कोच क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्याला, टोपी घालून बाजूला उभा करतो आणि बॅकअपला, म्हणजे राखीव खेळाडूला, मैदानात सोडतो.

माझ्या मते हा शुद्ध करंटेपणा आहे.

२७ डिसेंबर २००९. इंडियानापोलिस कोल्ट्स १४-०, म्हणजे १४ विजय, शून्य पराभव. आदल्या हंगामापासून धरलं तर नियमित हंगामातले सलग २३ विजय, तोही विक्रम. समोर न्यूयॉर्क जेट्स. तिसऱ्या क्वार्टरमध्ये १५-१० अशी आघाडी असताना कोच जिम कॉल्डवेलने क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगला बाहेर काढलं आणि कर्टिस पेंटर नावाच्या नवख्याला पाठवलं. पेंटरच्या हातून चेंडू सुटला, जेट्सने तो थेट एंडझोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, पकडला आणि टचडाउन, म्हणजे या खेळातला गोल. शेवटी २९-१५. मी तो सामना जागून पाहिलाय. मॅनिंग कडेला उभा, समोर आपला संघ हरतोय, आणि घरचेच प्रेक्षक हुर्यो करतायत. पुढच्या आठवड्यात बफेलोच्या बर्फात पुन्हा हार, ३०-७. सुपर बोलपर्यंत पोचले खरे, पण सेंट्सकडून ३१-१७ ने हरले. पूर्ण अपराजित हंगाम आजवर एकट्या १९७२च्या मायामी डॉल्फिन्सच्या नावावर आहे. ते दार उघडं असताना यांनी स्वतःच्या हाताने लावून घेतलं.

याउलट २००७चे जायंट्स. पाचवं स्थान पक्कं, गमावण्यासारखं काही नाही, समोर १५-० असलेले पेट्रियट्स. कोच टॉम कॉफलिनने सगळे मुख्य खेळाडू उतरवले. ३८-३५ ने हरले. पण या संघाला आपण भिडू शकतो हे कळलं, आणि पाच आठवड्यांनी त्याच पेट्रियट्सना सुपर बोलमध्ये १७-१४ ने लोळवलं.

गुडघेदुखी

रात्रपाळी, उदाहरणं छान वेचून आणलीत. त्याच २००९ सालचं उरलेलं मी सांगतो.

कोल्ट्सना हरवणारे सेंट्स त्या वर्षी काय करत होते? १३-० वरून सलग तीन सामने हरले, आणि त्यातल्या शेवटच्या सामन्यात क्वार्टरबॅक ड्रू ब्रीजला बसवलं होतं! म्हणजे बसवणारा हरला तर ते बसवल्यामुळे, आणि बसवणारा जिंकला तर त्याचं नावच काढायचं नाही?

आणि ३ जानेवारी २०१०. पेट्रियट्स विरुद्ध टेक्सन्स. पेट्रियट्स डिव्हिजन, म्हणजे कॉन्फरन्समधला आपला छोटा गट, जिंकून मोकळे, पहिल्या फेरीची सुट्टी हातची गेलेली. त्यांचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, वेस वेल्करने पहिल्याच क्वार्टरमध्ये पास झेलला, वळला, आणि खाली बसला. कोणी हातही लावला नव्हता. डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. १४ सामन्यांत १२३ झेल घेतलेला माणूस असल्या सामन्यात गेला. आठवडाभराने पेट्रियट्स घरच्या मैदानावर रेव्हन्सकडून ३३-१४ ने हरले.

तुमच्या लाडक्या जायंट्सचंही ऐका. त्या ३८-३५ च्या सामन्यात त्यांचा सेंटर शॉन ओहाराचा गुडघा दुखावला आणि प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला तो नव्हता. निभावलं, म्हणून शौर्य. नसतं निभावलं तर याच कॉफलिनला तुम्ही आज फाडून खाल्लं असतं.

रात्रपाळी

वेल्करचं दुःख मलाही आहे, पण ३३-१४ त्याच्या खात्यावर टाकू नका. रेव्हन्सच्या रे राइसने पहिल्याच स्नॅपवर, म्हणजे पहिल्याच खेळीत, ८३ यार्ड धावून टचडाउन केला होता. वेल्कर काय त्याला टॅकल करणार होता?

मला खरी भीती गंजाची आहे. २०१९चे रेव्हन्स, १४-२. त्यांचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन २२ डिसेंबरला खेळला, शेवटच्या सामन्यात बसला, मग बाय, आणि थेट ११ जानेवारीला टायटन्ससमोर उभा राहिला. वीस दिवस! एकमताने एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, ठरलेल्याने दोन इंटरसेप्शन दिले (पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात), एक फंबल गमावला (हातातून सुटलेला चेंडू). २८-१२. २०११चे पॅकर्सही तसेच. १५-१, क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्सला शेवटी विश्रांती, नंतर बाय, आणि पहिल्याच सामन्यात जायंट्सकडून ३७-२०. क्वार्टरबॅकचा खेळ हा घड्याळासारखा असतो. रिसीव्हर कितव्या पावलावर वळणार, चेंडू हातातून कधी सुटणार, सगळं पावसेकंदाचं गणित. सरावात समोरचा अंगावर येत नाही.

गुडघेदुखी

टायटन्सविरुद्धच्या त्या सामन्यात रेव्हन्सनी ५३० यार्ड काढले होते. ५३०! गंजलेला संघ एवढे यार्ड काढतो? ते हरले कारण चौथ्या डावाला, म्हणजे चार प्रयत्नांतल्या शेवटच्याला, एक यार्ड हवा असताना दोनदा अडकले आणि टायटन्सचा डेरिक हेन्री त्यांच्या अंगावरून १९५ यार्ड धावला. हेन्रीला आवरायचं काम लमारचं नव्हतं.

२०२४ बघा ना. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स २५ डिसेंबरला पिट्सबर्गमध्ये खेळला, त्यानंतर थेट १८ जानेवारीला. चोवीस दिवस, म्हणजे लमारपेक्षाही जास्त. टेक्सन्सना हरवलं, बिल्सना हरवलं, सुपर बोल गाठला. तिथे ईगल्सनी ४०-२२ ने धुतलं ते वेगळं. तो काही विश्रांतीचा दोष नव्हता, ईगल्सची बचावफळी होती.

पाचातला_एक

दोघंही क्वार्टरबॅक सोडून बोलायला तयार नाही.

कॉलेजात चार वर्षं ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या पाच जणांच्या फळीत, गार्ड खेळलोय, व्यावसायिक पातळी लांबच राहिली. पण रोस्टरचं गणित सगळीकडे तेच. एनएफएलचा संघ ५३ जणांचा, सामन्याच्या दिवशी फार तर ४८ जण तयार. त्यात लाइनवाले आठ-नऊ. मैदानात एका वेळी पाच लागतात. सांगा, किती जणांना बसवाल? दोघांना, फार तर तिघांना. उरलेल्यांना जावंच लागतं. सराव पथकातून दोघं वर घेता येतात, तेवढाच काय तो दिलासा.

म्हणजे ‘स्टार्सना विश्रांती’ याचा अर्थ एवढाच की चेंडू फेकणारा, झेलणारा आणि धावणारा टोपी घालून उभे राहतात, आणि प्रत्येक स्नॅपला तीनशे पौंडांच्या माणसाला छातीवर घेणारे तसेच खेळतात. वर नवीन क्वार्टरबॅक. हा एक त्रास बाहेरून दिसत नाही. मुख्य क्वार्टरबॅक कुठे उभा असेल, चेंडू किती वेळ धरेल, हे आपल्या पाठीला माहीत असतं. मागे न वळता कळतं. बॅकअप आला की तो जास्त वेळ धरतो, भलतीकडे सरकतो, आणि आपण ज्याला बाहेर ढकलत असतो तो नेमका तिथेच जाऊन पोचतो. मग आपण पाय रोवायच्या ऐवजी धडपडत मागे धावतो. माझा घोटा अशाच एका खेळीत गेला, बेसावध, मागून कोणीतरी पायावर पडलं.

बसवा, माझी हरकत नाही. फक्त ‘संघाला विश्रांती दिली’ असं म्हणू नका.

गुडघेदुखी

हे मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कोरडीठाक

मला या सगळ्यात तिसऱ्याचं काय होतं ते महत्त्वाचं वाटतं. ५ जानेवारी २०२५. चीफ्स १५-१, अव्वल स्थान खिशात. डेन्व्हरला गेले ते माहोम्सला न खेळवता, आणि ३८-० ने हरले. शून्य! त्या विजयावर ब्रॉन्कोस प्लेऑफमध्ये गेले आणि सिनसिनाटी बेंगल्स घरी बसले. बेंगल्स ओळीने पाच सामने जिंकून ९-८ वर आले होते. त्यांचा क्वार्टरबॅक ज्यो बरो त्या हंगामात पासिंग यार्डात लीगमध्ये पहिला, रिसीव्हर जमार चेस झेल, यार्ड आणि टचडाउन तिन्हींत पहिला. अशी जोडी प्लेऑफच्या बाहेर, आणि निकाल लावला कोणी? ज्यांना निकालाशी देणंघेणंच नव्हतं त्यांनी.

रात्रपाळींनी सांगितलेल्या सामन्यालाही हीच दुसरी बाजू आहे. कोल्ट्सनी सोडलेला सामना जिंकला म्हणून जेट्स ९-७ वर प्लेऑफमध्ये आले आणि थेट कॉन्फरन्स फायनलला पोचले. ९-७ वरच स्टीलर्स आणि टेक्सन्स बाहेर. लीगलाही ते झोंबलं असणार, कारण २०१० पासून शेवटच्या आठवड्यात सगळे सामने एकाच डिव्हिजनमधल्या संघांचे ठेवायला लागले, निदान काहीतरी पणाला लागावं म्हणून. पण ब्रॉन्कोस नि चीफ्स एकाच डिव्हिजनमधले! म्हणजे औषध देऊनही ताप तिथेच.

तिकीट काढून बाराव्या रांगेत बसलेल्या माणसाबद्दल तर कोणी बोलतच नाही.

गुडघेदुखी

कोरडीठाक, बेंगल्स आधी ४-८ होते. त्या आठांतला एक सोडला तर बाकीचे सात काही चीफ्सनी हरवले नाहीत. दुसऱ्याच्या भरवशावर शेवटच्या रविवारी टीव्हीसमोर बसायची वेळ आली, तर ती आपण आणलेली असते. माहोम्सने गुडघा पणाला लावून बेंगल्सची चूल का पेटवावी?

कोरडीठाक

चूल पेटवू नका, पण स्पर्धा खेळायला आलात ना? १७ सामने ठरलेत. सोळाच मनापासून खेळायचे असतील तर सतराव्याचे गुण मोजू नका.

बाकावरची

मी बसवण्याच्या बाजूने, पण वेगळ्या कारणासाठी. ईगल्सचा सेक्वान बार्कली, चेंडू घेऊन धावणारा. २०२४च्या हंगामात १६ सामन्यांत २००५ यार्ड धावला. एरिक डिकरसनचा १९८४चा विक्रम २१०५. एक सामना हातात, समोर जायंट्स, त्याचा जुना संघ, ज्यांनी त्याला जाऊ दिलं. १०१ यार्ड हवे होते, आणि त्याने त्या वर्षी कितीतरी सामन्यांत शंभरी ओलांडली होती. ईगल्सचं दुसरं स्थान पक्कं. कोच निक सिरियानीने त्याला बसवलं.

तेव्हा मी चरफडले होते. चाळीस वर्षांचा विक्रम, एवढा तरी करू द्यायचा! मग प्लेऑफ आले. पॅकर्सविरुद्ध ११९, बर्फ पडत असताना रॅम्सविरुद्ध २०५, कमांडर्सविरुद्ध ११८, सुपर बोलमध्ये ५७. नियमित हंगाम आणि प्लेऑफ मिळून २५०४, तोही विक्रमच. सुपर बोलचा दिवस, ९ फेब्रुवारी, त्याचा वाढदिवस होता. त्या वर्षी तो आधीच ३४५ वेळा चेंडू घेऊन माणसांच्या भिंतीत घुसला होता. रॅम्सविरुद्धचे २०५ बघताना मला सारखं वाटत होतं, जायंट्सविरुद्ध आणखी पंचवीस वेळा घुसला असता तर हे पाय असे निघाले असते का? सिद्ध करता येणार नाही, पण वाटतं.

चीफ्सच्या ट्रॅव्हिस केल्सीचंही तसंच. २०२३ला पास झेलून काढलेल्या ९८४ यार्डांवर थांबला. १६ यार्ड कमी पडून सलग सात हंगामांची हजारी तुटली, तरी शेवटच्या सामन्याला बसला. महिनाभराने हातात ट्रॉफी.

रात्रपाळी

केल्सीला बसणं परवडतं. ज्याचे पैसे आकड्यांवर ठरतात त्याला विचारा. याच वादात लोक बकनियर्सचा रिसीव्हर माइक इव्हान्सला विसरतात. २०२४चा शेवटचा आठवडा, बकनियर्स जिंकत आलेले, घड्याळ संपवायला गुडघा टेकवला असता तरी चाललं असतं. पण इव्हान्सला हजार यार्डांसाठी पाच कमी होते आणि करारात त्यावर तीस लाख डॉलरचा बोनस. क्वार्टरबॅक बेकर मेफील्डने त्याच्याकडे चेंडू फेकला, नऊ यार्ड मिळाले, अख्खा बाक मैदानात धावला. बकनियर्सना तो सामना जिंकायचाच होता, हे मान्य. पण जागा पक्की असती आणि कोचने त्याला ‘तब्येतीला जप’ म्हणून बसवलं असतं, तर लॉकर रूममध्ये काय वातावरण झालं असतं?

बाकी बार्कलीवर मी हरलो. ते उदाहरण मला खोडता येत नाही.

तरी माझं कोल्ट्सचं दुखणं शिल्लक आहे. बसवायचं तर पहिल्यापासून बसवा. मॅनिंगला अडीच क्वार्टर जेट्सच्या बचावासमोर उभं केलं, म्हणजे दुखापतीचा धोका निम्म्याहून जास्त घेऊन झाला. आणि जिंकत असताना काढलं. धोकाही पत्करला, सामनाही सोडला, अपराजित हंगामही घालवला. असा तिहेरी तोटा ठरवून करायलाही जमणार नाही.

गुडघेदुखी

अर्ध्यात काढण्याबद्दल एकदम सहमत. त्यापेक्षा वाईट एकच, अजिबात न काढणं. जानेवारी २०२३, चार्जर्स. दुपारच्या निकालांमुळे सामना सुरू व्हायच्या आधीच पाचवं स्थान पक्कं झालेलं. तरी कोच ब्रँडन स्टेलीने मुख्य खेळाडू उतरवले. रिसीव्हर माइक विल्यम्सच्या पाठीचं हाड मोडलं, सामनाही ३१-२८ ने हरले. पुढच्या शनिवारी जॅक्सनव्हिलमध्ये २७-० ची आघाडी घालवून ३१-३० ने बाहेर. दुसऱ्या हाफमध्ये एकदा जरी विल्यम्सकडे उंच चेंडू टाकता आला असता तर...

रात्रपाळी

तर तरीही हरले असते. ते चार्जर्स आहेत.

पाचातला_एक

😂 हे मात्र खरं.

बॅकअपच्या बाजूनेही कोणीतरी बोला. रॉजर्सला बसवलं त्या सामन्यात, १ जानेवारी २०१२ला, मॅट फ्लिनने लायन्सविरुद्ध ४८० यार्ड आणि सहा टचडाउन पास टाकले, ४५-४१ ने जिंकला. रॉजर्सनेही तोवर एका सामन्यात सहा टाकले नव्हते. अशा ‘निरर्थक’ सामन्याच्या जोरावर त्याला सिएटलने मोठा करार दिला. तिथे पोचल्यावर रसेल विल्सन नावाच्या नवख्या पोराने जागा पटकावली, तो भाग वेगळा.