सुपरवायझरने लाइनवरच्या लोकांशी चेष्टामस्करी करावी का?

अंबडवाला: नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत प्रेस शॉपला (मशीनने पत्रा दाबून भाग बनवतात तो विभाग) आहे, दिवाळीनंतर मला लाइन सुपरवायझर केलं. लाइनवरचे बहुतेक लोक माझ्यापेक्षा वयाने मोठे, कामाला एकदम पक्के. चहाच्या सुट्टीत त्यांची मस्त टिंगलटवाळी चालते आणि मी गेलो की सगळे गप्प, कप ठेवून मशीनवर. तेवढंच असतं तर चाललं असतं, पण मशीनमध्ये काही बिघडलं तरी मला सगळ्यात शेवटी कळतं, आधी आपापसात जुगाड करतात, आणि पॉवर प्रेसवर बोटं जातात हो, मला रात्री झोप लागत नाही या विचाराने. आमचे साहेब म्हणतात जरा विनोद करत जा, लोक मोकळे होतील. खरंच होतात का? कुणाला अनुभव?

जुना फिटर: विनोद करायला जाऊच नकोस बाबा. साहेबाच्या विनोदाला लोक हसतात ते पगारवाढीवर डोळा ठेवून. तू आधी त्यांच्या विनोदाला हसायला शिक. चहाला नुसता उभा राहा, रिजेक्शन, टार्गेट काही काढू नकोस. आमच्याकडे एक शिफ्ट इनचार्ज होते, त्यांची स्कूटर कधी पहिल्या किकला चालू व्हायची नाही, सुटल्यावर गेटवर पोरं मोठ्याने किका मोजायची आणि हे पण त्यांच्यासोबत मोजायचे. रात्रपाळीला त्याच माणसाकडे लोक स्वतःहून जायचे, साहेब प्रेसचा क्लच घसरतोय, जरा बघून घ्या म्हणून.

वाचत असतो: फिटरकाकांशी सहमत. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या शास्त्रज्ञाने लोक एरवी कधी हसतात ते टिपून ठेवलं होतं, तर बहुतेक हसू विनोदावर नव्हतंच, "चल भेटू नंतर" असल्या साध्या वाक्यांवर होतं. म्हणजे पाठ केलेले जोक लागतच नाहीत.

आणि तुमच्या प्रेस शॉपच्या जवळची गोष्ट सांगतो. डोनाल्ड रॉय म्हणून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ, तो स्वतः कारखान्यात डायने (कापायच्या साच्याने) तुकडे कापायच्या मशीनवर कामाला लागला, त्याचा लेख 1959 साली आला. काम इतकं रटाळ की तो सोडून जायच्या बेतात होता. मग त्याच्या लक्षात आलं की सोबत काम करणारा सॅमी रोज डब्यात केळं आणतो आणि दुसरा सोबती आईक ते रोज चोरून, ओरडून सांगून खातो, सॅमी रोज चिडतो आणि दुसऱ्या दिवशी परत केळं आणतो. असल्या ठरलेल्या खोड्यांवर दिवस निघायचा. पुढे काय झालं ते महत्त्वाचं. त्यांचा लीडमन, म्हणजे गटाचा म्होरक्या, जॉर्ज, त्याच्या मुलीचे सासरे कॉलेजात प्रोफेसर, आणि त्याला त्याचा फार अभिमान. मस्करीत उठवलं की ते प्रोफेसर न्हावीकाम शिकवायच्या शाळेत शिकवतात. झालं, मस्करीची कुस्करी. जॉर्जने बोलणं टाकलं, बरेच दिवस सगळे मुक्याने काम करत होते आणि रॉयला पुन्हा थकवा जाणवायला लागला. केळं चोरलं तर चालतं, माणसाचा अभिमान चोरला तर नाही.

क्यूसी ताई: एक राहिलं. लाइनवर बायका असतील तर जास्त लक्ष ठेव. आमच्याकडे "गंमत केली गं" म्हणून बरंच खपवलं जायचं. अश्लील शेरे कामाच्या ठिकाणी बायकांच्या छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात लैंगिक छळात मोडतात, गंमत म्हटलं तरी. आणि कुणाच्या बोलीवरून, रंगावरून, गावावरून चाललं असेल तर तू हसू नकोस, तिथल्या तिथे विषय तोड. ज्याची खेचतात तो बघत असतो साहेब कुणाच्या बाजूने हसला ते.

अंबडवाला: ताई, हे डोक्यातच नव्हतं, आमच्या लाइनवर एका पोराच्या बोलण्याची रोज नक्कल होते. उद्यापासून चहाला थांबतो. पण काका, मी गेल्यावर ते उठूनच गेले तर?

जुना फिटर: जाऊ दे की. तू तुझा चहा सावकाश संपव आणि परवा परत जा. आणि पहिल्यांदा कुणी मशीनची तक्रार घेऊन आला ना, की लाइन थांबवून आधी ती बघ, टार्गेट गेलं तरी चालेल.