आयरिश अमेरिकनांचा आयर्लंडवर हक्क किती?

घाटमाथा:
न्यूयॉर्कला हडसनच्या काठी आयरिश दुष्काळाचं स्मारक आहे. आयर्लंडच्या मेयो काउंटीतलं, म्हणजे जिल्ह्यातलं, एक बिनछपराचं दगडी घर चिरा न् चिरा सोडवून तिथे पुन्हा उभारलंय, भोवती बत्तीसही काउंट्यांचे दगड. सुरेख काम, वादच नाही. पण पाच पिढ्यांनंतरही त्या मातीला 'आपली' म्हणायचं? दुष्काळ १८४५ ते १८५२ चा. दहा लाख मेले, त्याहून जास्त परागंदा झाले. आज अमेरिकेत तीन कोटींवर लोक स्वतःला आयरिश वंशाचे म्हणवतात. बेटावर राहतात सत्तरेक लाख. डब्लिनच्या घरभाड्याशी झुंजतात ते हेच. बाकीच्यांनी सेंट पॅट्रिकच्या सणाला शिकागोची नदी हिरवी रंगवली की झालं!

रानमोगरी:
बटाट्यावर रोग पडला तो निसर्ग. पण १८४७ च्या ब्रिटिश कायद्यातल्या ग्रेगरी कलमानं पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याची सरकारी मदत बंद केली. पोटाला हवं तर वावर सोडा! बेदखल कुटुंब परत शिरू नये म्हणून जमीनदाराची माणसं छप्परच खाली आणत. आता सांगा, रिकाम्या झालेल्या जमिनी कुठे गेल्या? एक ते पाच एकरांची खाती धडाधड घटली, पंधरा एकरांवरची वाढली. मागे राहिलेल्यांपैकी कित्येक जण शेजाऱ्याच्या वावरावर सावरले. गावात या विषयावर कुणी फारसं तोंड उघडत नसे, ते काय उगाच? जमीन राहिलेल्यांना मिळाली, आठवण गेलेल्यांना. तीही सोडा म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

चकवा:
आठवण बोटीतून गेली खरी, पण कशी? स्ट्रोक्सटाउनच्या मेजर महॉन या जमीनदारानं १८४७ मध्ये आपल्या कुळांपैकी हजारावर माणसं कॅनडातल्या क्युबेकला रवाना केली. पोसण्यापेक्षा भाडं भरणं स्वस्त! वाटेत तापानं किती गेली याला गणती नाही. क्युबेकजवळच्या ग्रोस ईल बेटावर त्या एका वर्षात पाच हजारांवर माणसं पुरली. नोव्हेंबरात महॉनलाही कुणी तरी गोळी घातली. वाचलेल्यांनी पोरांना सांगितलं, इंग्रजांनी मारलं. बरंचसं खरं. मदतीचा हात आखडणारा ब्रिटिश अधिकारी ट्रेव्हेल्यन १८४८ मध्ये 'सर' झाला, पुढे मद्रासचा गव्हर्नरही. पण स्थानिक जमीनदार, दलाल, धान्य दाबून बसलेले व्यापारी त्या गोष्टीतून गळाले. अशा अर्धवट गोष्टीवर पोसलेला राग १९७० नंतर डॉलर होऊन उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र लढ्यासाठी बेलफास्टला पोचला. गोळ्या खाल्ल्या तिथल्यांनी.

अडकित्ता:
आयरिश सरकारही काही कमी नाही. घटनेत परदेशस्थ वंशजांबद्दल जिव्हाळा नोंदवलाय, २०१३ मध्ये 'गॅदरिंग' म्हणून जगभरच्या वंशजांना पाहुणे म्हणून बोलावलं. तेव्हा गेब्रियल बर्न या त्यांच्याच नटानं ही खिसे रिकामे करायची युक्ती असल्याचं तोंडावर सांगितलं. पासपोर्टचा नियम मात्र कोरडा: आजी-आजोबांपैकी कुणी तिथे जन्मलेलं असेल तर नागरिकत्व. पणजोबांवर सहसा भागत नाही.
आणि घाटमाथा, २०१९ च्या अखेरीस लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान असताना वडिलांच्या मूळ गावी, मालवण तालुक्यातल्या वराडला आले, गावानं जंगी स्वागत केलं. सातबाऱ्यावर नाव आहे का, असं विचारलं कुणी?

घाटमाथा:
नाही विचारलं, कारण वराडची ग्रामपंचायत कशी चालवावी हे सांगायला ते आले नव्हते. मूळ गावी या, जेवा, फोटो काढा. राज्यकारभारात मत मागितलं की माझा विरोध.

रानमोगरी:
मत मागतंय कोण? पाचव्या पिढीची माणसं वाडीचं नाव शोधत हिंडतात, तेही धड सापडत नाही. ग्रिफिथची जमीन-आकारणी मेयोसारख्या भागात दुष्काळ सरल्यावर छापली गेली. १८४७ ला बोटीत बसलेल्याचं नाव तिच्यात येणार कुठून? जुन्या खानेसुमारीचे बहुतेक कागद १९२२ मध्ये डब्लिनला जळाले. मग ती माणसं अकिल बेटावर स्लीव्हमोरच्या उतारावर जाऊन बटाट्याच्या जुन्या सऱ्या बघतात. तेवढंच काय ते हातात. मतदानाची मागणी आहे ती कालपरवा सिडनी-टोरांटोला गेलेल्या आयरिश नागरिकांची. त्यांचं भांडण वेगळं, त्यासाठी वेगळा धागा काढा.